आधी पुस्तक, मग सिनेमा : गेल्या महिन्यात काय वाचलंत, काय पाहिलंत?

मृगनक्षत्र

जुलैमध्ये एक गोष्ट ठरवून केली. ज्या मराठी पुस्तकांवर सिनेमे निघाले ती पुस्तकं वाचायची, आणि पुस्तक डोक्यात ताजं असतानाच सिनेमा लावायचा. यातली बरीच पुस्तकं कॉलेजात वाचून झालेली होती, सिनेमेही टीव्हीवर तुकड्यातुकड्यांनी पाहिलेले होते. पण दोन्ही पाठोपाठ घेतलं की निराळंच काही हाती लागतं. सिनेमावाल्यांनी पुस्तकातलं काय ठेवलं ते तर दिसतंच, पण काय गाळलं ते फार ठळक दिसतं. त्यांचं पुस्तकाबद्दलचं मत मला बहुतेक वेळा त्या गाळलेल्या भागात सापडलं.

सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ने केली. कादंबरी १९५५ची, अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५चा, म्हणजे मध्ये चाळीस वर्षं. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा कोवळा मास्तर औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर शाळा चालवायला येतो. पोरं मेंढरांमागे, शाळेत कुणी नाही. कारभाऱ्याच्या मदतीने हळूहळू बस्तान बसतं, मास्तर वाडीकरांची पत्रं लिहितो, भांडणं सोडवतो, तालीम बांधायचं मनावर घेतो. सगळी वाडी त्यासाठी राबते आणि उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. मग दुष्काळ येतो आणि वाडी रिकामी होते.

त्यातला शेकूचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. शेतीची वेळ आलेली, बैल एकच, दुसरा कुणी देत नाही. तेव्हा शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतः जुवाखाली मान घालते. माडगूळकर इथे कळवळत नाहीत, कुणाला दोष देत नाहीत, वाचणाऱ्याला हुंदकाही देऊ देत नाहीत. बाई औताला लागली आणि काम झालं, एवढंच सांगून ते पुढच्या कामाला लागतात. हे त्यांना जमतं, कारण सांगणारा मास्तर स्वतःच बुजरा आहे. त्याला जे दिसतं ते तो सांगतो, जे कळत नाही तिथे गप्प बसतो. अंजीच्या चोळीवरून कारभाऱ्याच्या मनात संशय येतो तेव्हा त्या बुजरेपणाचीच त्याला झळ बसते.

सिनेमात मास्तर आपल्याला बाहेरून दिसतो. चष्म्याच्या आतून बघणारा माणूस अचानक समोर येऊन उभा राहावा तसं मला ते वाटलं. माळ आहे, मेंढरं आहेत, माणसं खरी वाटतात, दुष्काळ तर पुस्तकापेक्षाही अंगावर येतो. पण मास्तर इतरांसारखाच एक होतो. पालेकरांनी निवेदकापेक्षा वाडी निवडली, आणि ही निवड मला पटली. कादंबरीचं नावही मास्तरावरून नाही, वाडीवरून आहे.

दुसरी जोडी फार जुनी. ना. ह. आपटे यांची 'न पटणारी गोष्ट' आणि तिच्यावरचा प्रभातचा 'कुंकू', १९३७चा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. पुस्तक एका जुन्या वाचनालयात मिळालं, पानं हात लावताच तुटत होती. भाषा जुन्या वळणाची आहे, धीर धरून वाचावी लागते. सिनेमाला तसा धीर लागत नाही. मामाने फसवून म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते, आणि शांता आपटे तो नकार नुसत्या मानेच्या हिसड्यातून दाखवतात. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही! जो आवाज येतो तो त्या घरातला किंवा गल्लीतला. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक म्हाताऱ्याच्या छातीवर बसत जाते. गाणं आलं तर ग्रामोफोनवरून, नाहीतर 'मन सुद्ध तुझं'सारखं रस्त्यावरून. नीरा एके ठिकाणी लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. १९३७च्या मराठी घरातली बाई! आणि केशवराव दाते यांचा म्हातारा राक्षस नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आरशासमोर उभा राहून आपलं वय लपवणाऱ्या त्या माणसाची शेवटी दया येते, आणि तरीही नीराची बाजू जराही हलकी होत नाही.

तिसरी जोडी अर्धीच झाली. जब्बार पटेलांचा 'उंबरठा' (१९८२) पाहिला, पण तो ज्या कादंबरीवर आहे ती शांता निसळ यांची 'बेघर' कुठे मिळाली नाही. कुणाकडे असेल किंवा कुठल्या वाचनालयात पाहिली असेल तर नक्की सांगा. सुलभा महाजन महिलाश्रमाची नोकरी धरते, नंतर घरी परतते आणि पुन्हा घर सोडते, तो शेवट मूळ पुस्तकात कसा आहे हे मला वाचायचं आहे.

तुमचा महिना कसा गेला तेही लिहा. जोडीच हवी असं नाही.

---

गोदाकाठ

मृगनक्षत्र ताई, धागा आवडला. 'कुंकू'बद्दल सुशीलेचा उल्लेख हवाच. नीराच्या बाजूने उभी राहणारी ही शिकलेली सावत्र मुलगी शकुंतला परांजपे यांनी केली आहे. म्हणजे संततिनियमनाच्या कामासाठी आयुष्य वेचलेल्या, रँग्लर परांजप्यांच्या कन्या, सई परांजपे यांच्या आई. ती भूमिका करायला घरच्या बंडखोरीचं पाठबळ असलेलीच बाई हवी होती.

मी शाळेत शिकवते. जुलैत सातवीच्या मुलांना रोज शेवटच्या तासाला 'श्यामची आई' वाचून दाखवली. साने गुरुजींनी हे पुस्तक आमच्याच नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत. मुलांना हे सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "कागद कोणी दिला?" मला प्रश्न फार आवडला.

महिनाअखेरीस अत्र्यांचा १९५३चा सिनेमा दाखवला. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत, सिनेमात त्यातल्या मोजक्याच. मला भीती होती की काळा-पांढरा सिनेमा बघून मुलं चुळबुळतील. चुळबुळ झाली, पण वनमालाबाई आणि छोटा माधव वझे एकत्र आले की वर्ग शांत. पाण्यात उडी मारायला घाबरणाऱ्या श्यामला आई शिंपटी घेऊन शोधते, तिथे एक मुलगा म्हणाला, "बाई, पुस्तकात ही इतकी चिडलेली वाटली नव्हती." मी त्याला तेच पान पुन्हा काढून वाचायला लावलं. पुस्तकात ती चिडलेलीच आहे. गुरुजींच्या मऊ आवाजात ते आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. ही आई नुसती प्रेमळ नाही, कडक आहे, आणि ते मुलांना सिनेमाने दाखवलं. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा हा देशातला पहिला सिनेमा, १९५४ साली. आजही वर्गात चालतो.

---

चर्चगेट_स्लो

माझा महिना अरुण साधूंचा. 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' एकामागून एक वाचल्या, मग जब्बार पटेलांचा 'सिंहासन' (१९७९). या दोन कादंबऱ्या मिळून एक सिनेमा हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पटकथा विजय तेंडुलकरांची.

मृगनक्षत्र, तुमचा गाळण्याचा मुद्दा इथे तंतोतंत लागू पडतो. 'मुंबई दिनांक'मध्ये हे शहर एखाद्या पात्राइतकं मोठं आहे: लोकल, घाम, झोपड्या, पैशाची चणचण, वर्तमानपत्राच्या कचेरीतली रात्रपाळी. साधू स्वतः इंग्रजी वर्तमानपत्रांतले पत्रकार, त्यांनी हे शहर पायी तुडवलेलं होतं. तेंडुलकरांनी त्यातलं बरंच बाजूला ठेवून सत्तेचा सारीपाट मध्यभागी आणला. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे (अरुण सरनाईक), त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेले विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू), कामगार नेता डिकास्टा (सतीश दुभाषी), आणि या सगळ्यांत हिंडणारा पत्रकार दिगू टिपणीस. शहर कडेला सरकलं, पण गेलं नाही. मंत्र्यांच्या बंगल्यावरून कॅमेरा मध्येच झोपडपट्टीत उतरतो तेव्हा कादंबरीचा धागा पुन्हा हाताला लागतो.

दिगूच्या कामाला निळू फुले यांना घेणं ही माझ्या मते मराठी सिनेमातली सर्वांत धाडसी निवड आहे. लोकांना ते माहीत होते सरपंच म्हणून, बेरकी पाटील म्हणून. इथे ते खांद्याला झोळी लावलेले, थकलेले, सगळं जाणून असलेले. कुणावर ओरडत नाहीत. प्रत्येक खोलीत शिरतात, प्रत्येकजण त्यांच्याशी बोलतो, आणि ते फक्त ऐकतात. बसमधल्या, केबिनमधल्या, जिन्यातल्या त्यांच्या नजरा बघा. सत्तापालटाचा खेळ जसा संपतो ते पाहून शेवटी दिगूला हसू फुटतं आणि थांबत नाही. त्याआधी दोन-सव्वादोन तास या माणसाने काहीच बाहेर काढलेलं नसतं, म्हणून ते हसू इतकं भीषण वाटतं.

'उषःकाल होता होता काळरात्र झाली' हे सुरेश भटांचं गाणं मी लहानपणापासून सभा-मोर्च्यांतून ऐकत आलो. सिनेमात ते ऐकताना कळतं की ते कुणा एका पक्षाविरुद्ध नाही. सगळं हरलेल्या माणसांचं ते गाणं आहे.

मंत्रालयाच्या परिसरात माझी बरीच वर्षं नोकरीत गेली. माणसं बदलली, गाड्या बदलल्या. साधूंनी लिहिलेली दालनाबाहेरच्या बाकड्यावरची वाट पाहणं मात्र तशीच राहिली.

---

केतकीवन

मी उलट्या वाटेने गेले. २०२४ला 'तुंबाड' पुन्हा थिएटरला लागला तेव्हा मैत्रिणींबरोबर पाहिला. पाऊस, वाडा, लोभ, सगळं डोक्यात बसलं. या महिन्यात श्री. ना. पेंडश्यांची 'तुंबाडचे खोत' हातात घेतली, दोन जाडजूड खंड, १९८७ची. सिनेमाने या कादंबरीचं फक्त नाव घेतलं आहे. गोष्टीचं मूळ नारायण धारपांच्या भयकथेत आहे. पेंडश्यांच्या पुस्तकात सिनेमातला हस्तर हा राक्षस नाही, पुरलेलं सोनं राखणारी आजी नाही.

पण वाचत गेले तसं वाटलं, नावामागोमाग थोडं रक्तही आलेलं असावं. खेडजवळची जगबुडी नदी, तिच्या काठचं खोतांचं घराणं, पिढ्यामागून पिढ्या चालणारी हाव, रग, बाईबाजी, भाऊबंदकी. सिनेमातला राक्षस बापाकडून पोराकडे जातो. कादंबरीत तेच होतं, फक्त राक्षसाची गरज लागत नाही. खोतांचा माज कसा चढतो आणि कसा ओसरतो हे पेंडसे इतक्या सावकाश सांगतात की शंभरेक पानांनंतर त्या घरातल्या माणसांच्या खोडी आपल्याला चुलत्या-मावश्यांसारख्या पाठ होतात. मला वाटायचं जाड कादंबऱ्या आपल्याच्याने होत नाहीत. ही झाली.

---

मृगनक्षत्र

केतकीवन, रक्त आल्याचा मुद्दा मस्त. आता 'गारंबीचा बापू' घे, पेंडश्यांचीच, १९५२ची. आकाराने छोटी आणि तेज. त्याच्यावर नाटक झालं, पुढे सिनेमाही आला, दोन्हींत काशिनाथ घाणेकर.

चर्चगेट_स्लो, निळूभाऊंबद्दल अगदी मनातलं लिहिलंत. 'सामना'तला त्यांचा हिंदुराव धोंडे पाटील पाहून लगेच दिगू टिपणीस पाहिला तर एकाच नटाने हे दोन्ही केलं यावर विश्वास बसत नाही. तिथेही दिग्दर्शक आणि लेखक तेच दोघं.

---

आटपाडीकर

आमच्या भागाचं नाव निघालं म्हणून लिहितोय.

'बनगरवाडी' वाचताना औंध संस्थान ही नुसती पार्श्वभूमी आहे असं पुष्कळांना वाटतं. तालमीच्या उद्घाटनाला राजा येतो हे कादंबरीकाराचं स्वप्नरंजन वाटतं. तसं नाही. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी तसेच होते. चित्रं काढणारे, सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे. व्यायामाचं वेड असलेल्या राजाच्या राज्यात मास्तराला तालीम सुचावी हे किती सरळ आहे बघा! १९३९च्या सुमारास त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. त्या कामात मॉरिस फ्रिडमन हे पोलंडचे गृहस्थ होते.

त्याच राजवटीत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं. भिंती नसलेला तुरुंग. खुनाची शिक्षा झालेले कैदी तिथे शेती करत, बायकापोरांसह राहत. ही वसाहत आजही आहे. व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) यावरूनच सुचलेला, आणि त्याची कथा कुणाची? ग. दि. माडगूळकरांची. म्हणजे व्यंकटेशरावांचे थोरले बंधू.

मी या महिन्यात 'बनगरवाडी' आणि 'दो आँखें' असं एकत्र घेतलं. एका भावाने धनगरांची वाडी लिहिली, दुसऱ्याने कैद्यांचं शेत. दोघांचंही बालपण त्याच माणदेशात, त्याच कोरड्या मातीत. दोन्हींत एक परका माणूस येतो आणि कुणीही किंमत न दिलेल्या माणसांवर विश्वास टाकतो. थोरल्याच्या कथेत त्या विश्वासाचा विजय होतो, गाणं होतं. धाकट्याच्या कादंबरीत माणसं चांगली वागतात, तालीमही उभी राहते, आणि पाऊस पडत नाही. आमच्याकडे दुसरंच जास्त वेळा घडलं आहे. माझ्या आजोबांच्या पिढीने मेंढरं घेऊन घर सोडलेलं मी घरात ऐकलं आहे, म्हणून 'बनगरवाडी'ची शेवटची पानं मी सलग वाचू शकत नाही.

---

पंढरीची_वाट

आषाढ होता, म्हणून मी तुकोबांची गाथा रोज थोडी थोडी वाचली आणि एकादशीच्या आदल्या रात्री प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) पाहिला. दामले-फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकाराम.

गाथा वाचून सिनेमाकडे गेलं की पहिल्यांदा खटकतं ते तुकोबांचं मवाळपण. गाथेतला तुकोबा भांडतो. देवाशी भांडतो, भोंदूंना शिव्या घालतो, स्वतःलाही सोडत नाही. पागनीसांचा तुकाराम हरवलेला, हसरा, निरागस. इथे ताई, तुमचं बरोबर आहे, गाळलं ते धार होती. पण ती धार सिनेमाने फेकून दिलेली नाही, ती आवलीला दिली आहे. गौरी यांची आवली काय बाई आहे! हातात शेण, तोंडात फटकारा, पोरं उपाशी म्हणून देवाला जाब विचारणारी. वैकुंठाला जायचं विमान दारात आलं तरी तिला स्वयंपाकाची काळजी. गाथेतला अर्धा तुकाराम मला तिच्यात भेटला.

आणखी एक. 'आधी बीज एकले' हे त्यातलं पद मी लहानपणी कीर्तनात ऐकलं होतं, भजनातही म्हटलं होतं. ते गाथेत नाही. शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलेलं आहे. भले भले लोक ते गाथेत शोधत बसत. 'मन सुद्ध तुझं' पण आठवल्यांचंच. इतकी वर्षं माळकरी माणसं ज्यांचं पद तुकोबांचं म्हणून गातात, त्या कवीचं नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? हे मला फार लागतं.

---

शेवटचा_बाक

सगळे सहमत होत चालले आहेत, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो.

गाळण्यातून मत दिसतं हे दर वेळी खरं नाही. कधी कधी दिग्दर्शकापुढे फक्त दोन तास असतात. मी मिलिंद बोकिलांची 'शाळा' पुन्हा वाचली आणि सुजय डहाके यांचा सिनेमा पुन्हा पाहिला. 'शाळा'त गोष्ट अशी थोडीच आहे. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे तीन मित्र, अर्धवट बांधलेल्या इमारतीतला त्यांचा अड्डा, शिरोडकर, आणि मागे आणीबाणी. कादंबरी आहे ती मुक्याच्या बोलण्यात. तो मास्तरांबद्दल, घरच्यांबद्दल, नरूमामाबद्दल ज्या भाषेत विचार करतो तीच कादंबरी. ती भाषा पडद्यावर कुठून आणणार? सगळं निवेदनात घातलं तर सिनेमा रेडिओ होतो.

मग दिग्दर्शकाने शिरोडकर पुढे आणली, सुऱ्या-चित्र्या-फावड्या मागे गेले, आणीबाणी आणखी मागे गेली. यावरून 'दिग्दर्शकाला प्रेमकथाच दिसली' असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्या हातात चेहरे होते, त्याने चेहऱ्यांवर काम केलं. मुलांची कामं इतकी सहज झाली आहेत की काही ठिकाणी पुस्तकाची आठवणसुद्धा येत नाही.

तरी आणीबाणीबद्दल हळहळ वाटते. पुस्तकात मोठी माणसं दबक्या आवाजात बोलतात आणि मुलांना त्यातलं अर्धंच कळतं. वर्गातही बोलायची भीती, घरातही, आणि शिरोडकरशी तर विचारायलाच नको. या भीती एकमेकींत मिसळलेल्या आहेत. सिनेमात त्या सुट्या होतात.

---

केतकीवन

शेवटचा_बाक, माझं 'शाळा'बद्दल वेगळं मत आहे. कादंबरीत शिरोडकर सतत मुक्याच्या नजरेतून येते. तिला काय वाटतं ते आपल्याला तो जेवढं ओळखेल तेवढंच. मुलगी म्हणून वाचताना मला ती पुस्तकभर लांबच राहिली. सिनेमात केतकी माटेगावकर नुसती बघते, वळते, थांबते, तेव्हा तिच्याही डोक्यात काहीतरी चालू आहे हे दिसतं. मुक्याला न दिसलेलं आम्हाला दिसतं. हे पुस्तकात शक्यच नव्हतं, कारण सांगणारा तोच आहे.

---

रेडीबंदर

आमच्या वेंगुर्ल्याचे चिं. त्र्यं. खानोलकर अजून कुणी काढले नाहीत! त्यांच्या 'कोंडुरा'वर श्याम बेनेगलांनी १९७८ साली हिंदीत 'कोंडुरा' आणि तेलुगूत 'अनुग्रहम' असे दोन सिनेमे केले, आणि गोष्ट उचलून थेट आंध्रात नेली. अनंत नाग, वाणीश्री, स्मिता पाटील.

पुस्तक वाचताना मला समुद्राचा आवाज सुटत नाही. कोंडुऱ्याचा तो किनारा, खडकात घुसून घुमणारं पाणी, देवाधर्माने पछाडलेली माणसं. ही कादंबरी दुसऱ्या कुठल्या मातीत रुजेल हे मला पटत नव्हतं. सिनेमा बघितल्यावर अर्धं पटलं. साक्षात्कार झाल्याचं सांगणाऱ्या माणसाभोवती गाव कसा जमतो, त्याच्या शब्दाला वजन कसं येतं, आणि त्या शब्दाने एका बाईचा जीव कसा जातो, हे कुठल्याही गावात घडू शकतं. बेनेगलांना तेच सांगायचं होतं. पण खानोलकरांना नुसतं तेवढं सांगायचं नव्हतं. त्यांच्या पुस्तकात देव खरा की भास, हे शेवटपर्यंत सुटत नाही आणि वाचणारा त्यात बुडतो. सिनेमा काठावर उभा राहून बघतो.

त्यांची 'चानी'सुद्धा वाचा. तिच्यावर शांतारामांनी सिनेमा केला, रंजना चानी. सिनेमा भडक आहे, पुस्तक नाही.

---

हडसनकाठी

न्यू जर्सीहून. आई तीन महिन्यांसाठी आली आहे, तिच्या निमित्ताने घरात 'जैत रे जैत' झालं. गो. नी. दांडेकरांची कादंबरी आईने रोज रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचली. मुलांना ठाकरांची बोली अर्धी कळत होती, अर्धी ती आजीच्या आवाजावरून समजून घेत होती. मग सिनेमा, १९७७चा, तोही जब्बार पटेलांचाच.

माझी मुलगी इथे वाढलेली आहे. तिला चिंधी (स्मिता पाटील) प्रचंड आवडली. दारुड्या नवऱ्याचा संसार नको म्हणून त्याचे पैसे फेडून मोकळी होते आणि आपल्याला हवा तो पुरुष स्वतः निवडते. "ही आपल्याकडची इतकी जुनी गोष्ट आहे?" असं तिने दोनदा विचारलं. मुलाला नाग्या आवडला. पुण्यवंत व्हायला निघालेल्या पोराचा डोळा राणीमाशीच्या डंखाने जातो आणि तो लिंगोबाच्या डोंगरावरचं पोळं उतरवायची शपथ घेतो. कडा, आग, माश्यांचं मोहोळ, आणि जिंकल्याच्या क्षणी चिंधी गेलेली. मुलगा बराच वेळ रागावला होता, "मग जिंकला कशाला म्हणायचं?"

दांडेकर गडकिल्ले पायी हिंडलेले, त्यामुळे झाडं, वाटा, डोंगराचे वास पुस्तकात भरून आहेत. सिनेमात ते सगळं हृदयनाथ मंगेशकर आणि ना. धों. महानोर यांनी गाण्यांत ओतलं. इथे मी शेवटचा_बाक यांना पाठिंबा देईन. पुस्तकातली वर्णनं गाळली असं म्हणण्यापेक्षा ती 'जांभूळ पिकल्या झाडाखाली'मध्ये गेली असं म्हणायला हवं. इकडे गाडीत आता तेच चालू असतं.

---

तिसरी_घंटा

'कुंकू', 'संत तुकाराम' इतक्या सहज पाहायला मिळतात याचं मोल कळावं म्हणून थोडं लिहितो. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली, १९३३ला पुण्यात आली. तो स्टुडिओ म्हणजेच आजची फिल्म इन्स्टिट्यूट. त्या काळची फिल्म नायट्रेटची असायची. ती एकदा पेटली की विझवता येत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातच असतो. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि प्रभातच्या मूळ रिळांसह खूप काही गेलं. आज आपण बघतो ते नंतरच्या फिल्मवर उतरवून ठेवलेल्या प्रतींवरून. ज्या सिनेमांच्या अशा प्रती झाल्या नाहीत, त्यांची आता फक्त नावं आणि जाहिराती उरल्या आहेत.

पुस्तकांचंही फार वेगळं नाही. मृगनक्षत्र, तुमच्या हातात पानं तुटणारी 'न पटणारी गोष्ट' आली. तुमच्या वाचनालयाला ती स्कॅन करून ठेवायची विनंती जरूर करा.

माझा महिना एकाच जोडीचा. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) वाचलं आणि सत्यदेव दुबे यांचा १९७१चा सिनेमा पाहिला. दोन्हींत बेणारेबाई सुलभा देशपांडे. तुमचा सगळ्यांचा वाद काय गाळलं यावर चालला आहे, इथे उलट प्रकार आहे. बेणारेचं ते शेवटचं लांब स्वगत, ज्याच्यासाठी हे नाटक आज ओळखलं जातं, ते तेंडुलकरांच्या मूळ लेखनात नव्हतं. तालमी चालू असताना दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांनी आग्रह धरून ते लिहून घेतलं. इतका वेळ सगळे मिळून जिला सोलून काढतात, तिला एकदा तरी बोलू दिलं पाहिजे, असं करणाऱ्या माणसांना वाटलं. छापील पुस्तकात आपण ते वाचतो तेव्हा ते लेखकाचंच वाटतं, आणि आहेही. पण ते मागितलं रंगमंचाने.

---

मृगनक्षत्र

तिसरी_घंटा, वाचनालयात उद्याच विचारते.

शेवटचा_बाक आणि हडसनकाठी, तुमचा मुद्दा मान्य करते, पण पूर्ण नाही. 'जैत रे जैत'मध्ये वर्णनं गाण्यांत गेली हे खरं. 'शाळा'तली भीती मात्र कशातच गेली नाही, ती राहून गेली, आणि वेळ कमी होता म्हणून राहिली असं मला अजून वाटत नाही. दोन तासांत कशाला जागा द्यायची हे कुणीतरी ठरवतंच. ऑगस्टमध्ये 'शाळा' दोन्ही पुन्हा करते आणि आणीबाणीचे प्रसंग समोरासमोर ठेवून लिहिते. बाक, तुम्हीही तेच करा, मग बोलू.

पंढरीची_वाट, आवलीबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून 'संत तुकाराम' आज रात्री परत लावणार आहे.

आणि 'बेघर' अजून हवीच आहे. कुणाच्या घरी माळ्यावर, आईच्या कपाटात, तालुक्याच्या वाचनालयात दिसली तर कळवा. प्रत मागत नाही, येऊन तिथे बसून वाचेन.